आधी कोण ओरडलं?

वैशाली मुळीकच्या घरात विकेट पडली की ती वैशाली सोडून सगळ्यांना दिसायची. नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधे एक भिंत आणि एक वळण होतं. हॉलमधून नवऱ्याचा, म्हणजे सुधीरचा, आणि लेकाचा, पार्थचा, "आऽऽऊट!" असा जोडीनं आवाज आला की ती पोळी तव्यावर तशीच टाकून धावायची. पोहोचेपर्यंत रिप्ले संपलेला असायचा आणि पडद्यावर सिमेंटची जाहिरात. "काय झालं?" विचारलं की बापलेक एकदम बोलायला लागायचे, आणि दोघांचं सांगणं कधी जुळायचं नाही.

वैशाली इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं महापेच्या एमआयडीसीत एक गाळा घेतला होता. मूठभर माणसं जमवून तिथं तिनं टीव्हीला जोडायची एक डबी बनवली. तसं पाहिलं तर तो साधा डीव्हीआर होता, चालू कार्यक्रम साठवून ठेवणारा रेकॉर्डर. तसले रेकॉर्डर बाजारात ढिगानं मिळतात. पण हिच्या डबीला कान होते. घरातली माणसं एकदम ओरडली की डबी त्या क्षणापाशी खूण करून ठेवायची. मग रिमोटवरचं पिवळं बटण दाबलं की नेमका तोच क्षण परत समोर. डबीचं नाव तिनं ठेवलं 'पुन्हा'.

'पुन्हा' लोकांना आवडली. ज्यांना मॅच बघताबघता डुलकी लागते त्या आजोबांना आवडली, फोडणीला उभ्या असलेल्या बायकांना तर फारच आवडली. एका घरात तर सासू-सुनेच्या भांडणालाही ती खुणा करून ठेवायची. त्या घरानं तक्रार न करता आणखी एक डबी मागवली.

आणि अशा ऐन बहरात कोर्टाचे कागद आले.

एका परदेशी कंपनीचं म्हणणं होतं की 'पाहणाऱ्यांच्या आवाजावरून थेट प्रक्षेपणातला क्षण हेरणारा रेकॉर्डर' ही युक्ती त्यांची आहे. तिचं पेटंट त्यांच्याकडे आहे, अर्ज २०१२ सालचा, भारतातही मंजूर झालेला. तेव्हा 'पुन्हा'ची विक्री ताबडतोब थांबवावी.

वैशाली कागद घेऊन नूरीन मुकादमकडे गेली. नूरीन मूळची उरणची. आधी इंजिनिअर झाली, मग वकील, आणि आता नेरूळ स्टेशनजवळच्या ऑफिसात पेटंटची कामं बघायची. तिनं सगळं वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि चहा मागवला.

"मी चोरी केलेली नाही, नूरीन," वैशाली म्हणाली. "मला हे तव्यासमोर सुचलंय. त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं मला."

"ताई, माझा शंभर टक्के विश्वास आहे. पण पेटंटमध्ये 'मलापण सुचलं' चालत नाही. त्यांनी अर्ज आधी टाकला, विषय संपला. आता आपल्याकडे दोन रस्ते. एक, तुमची डबी वेगळ्या पद्धतीनं चालते असं दाखवायचं."

"ती तश्शीच चालते."

"तेच. मग दुसरा. त्यांच्याही आधी कुणीतरी हे केलेलं होतं, उघडपणे, चारचौघांत, हे दाखवायचं. तसं निघालं तर त्यांचं पेटंटच टिकत नाही."

वैशालीनं कप खाली ठेवला. "म्हणजे ही कल्पना माझी नाही, हे मीच सिद्ध करायचं?"

"तुमची नाही आणि त्यांचीपण नाही. करेक्ट!" नूरीन हसली. "आमच्या धंद्यात हे असंच असतं, ताई. वाचायचं असेल तर आपला मोठेपणा सोडायला लागतो."

शोध सुरू झाला. जपानी लेख आले, जर्मन अर्ज आले. सगळे थोडक्यात हुकत होते. कुणी स्टेडियममधल्या गर्दीचा आवाज मोजला होता, कुणी समालोचकाचा. घरात बसून बघणाऱ्यांचा आवाज कुणीच ऐकला नव्हता. त्यात त्या पेटंटमध्ये एक चौथा मुद्दा होता, त्याचं नूरीनला खरं टेन्शन होतं. गाणं, ढोल, मिक्सर असा एकसारखा चालणारा आवाज यंत्रानं सोडून द्यायचा आणि एकदम उसळलेली ओरड तेवढी धरायची. 'पुन्हा'ही तेच करत होती. त्याशिवाय ती भारतीय घरात टिकलीच नसती.

तारीख जवळ येत चालली. नूरीननं सल्ला दिला की वापरून बघायला म्हणून ज्या घरांत फुकट डब्या दिल्यात, त्या निदान सुनावणीपर्यंत परत आणून ठेवा; उगाच समोरच्याला बोलायला जागा नको. तशी वैशाली एका रविवारी सकाळी करावे गावात गेली. सीवूड्सचे उंच टॉवर मागे पडले की गल्ल्या अरुंद होतात आणि वाऱ्याला खाडीचा वास येतो. तिथं गोटीराम तांडेल राहायचे. सत्तरी उलटलेली, जन्म खाडीत जाळं टाकण्यात गेलेला, आणि क्रिकेटचं वेड असं की सकाळी जुनी मॅच लावून तिच्यावरही ओरडायचे.

"बस गो बाय," ते म्हणाले. वैशालीनं संकोचत येण्याचं कारण सांगितलं. म्हातारबुवांनी आधी डबीवर हात ठेवला.

"नाय देनार. कोन बोलतं ही त्यांची हाय?"

"एक परदेशी कंपनी आहे, काका. ही युक्ती आधी त्यांना सुचली म्हणतात."

गोटीराम असे काही हसले की डबीनं तेवढ्यात एक खूण करून टाकली. "त्यांना? आनि आधी? अगो, ह्यान नवीन काय हाय? आमचे भाविकानी केलता ना ह्यो, गनपतीचे मांडवान! सगला गाव बगत होता."

वैशालीला वाटलं, काका टीव्ही रेकॉर्ड करण्याबद्दल बोलत असतील. "भाविकानं काय केलं होतं, नीट सांगाल?"

"मी खाडीन असायचो. घरा यायचो त मॅच खलास. मांडवान इचारायचो काय झाला, त धा जन धा गोष्टी सांगायची. पोर वैतागली. तिनी कंप्युटर आनला, माईक लावला. गाव वरडला का कंप्युटर ध्यानान ठेवायचा, आनि मंग परत दावायचा. मी आयलो का मना तेवढाच बगाला मिलायचा."

"कुठल्या वर्षी?" वैशालीनं घाईनं विचारलं.

"साल मना काय म्हाईत? पन आपुन वर्ल्डकप जिकलो तवा. ईस-ईस ओवरचा. गनपतीनच आयलता तो."

तो वर्ल्डकप २००७ चा. परदेशी कंपनीचा अर्ज २०१२ चा. वैशाली घराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि तिनं नूरीनला फोन लावला. "तू उठली असशील तर बस," ती म्हणाली, "आणि बसली असशील तर ऊठ!"

गोटीरामांची मुलगी भाविका लग्नानंतर उरणजवळ द्रोणागिरीला राहत होती. कंटेनर ठेवायच्या एका मोठ्या गोदामात ती सगळ्या संगणक-यंत्रणेची प्रमुख होती. कुठला कंटेनर कुठं आहे, हे तिच्या पडद्यावर दिसायचं. सोमवारी वैशाली आणि नूरीन तिथं पोहोचल्या तेव्हा ती डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून एका क्रेनवाल्याशी हुज्जत घालत होती. वैशालीनं विषय काढला. भाविकानं एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अगं बाई! ते? ते तर मी विसरूनच गेले होते! डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते मी. कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायचं ट्यूनर कार्ड मैत्रिणीचं, माईक मंडळाचा. बाबांसाठी केलं होतं."

"चालायचं कसं?" वैशालीनं विचारलं. भाविकानं मालाच्या पावतीमागं आकृती काढायला सुरुवात केली. वैशालीनं मधेच तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पुढची चौकट स्वतः काढली. भाविका म्हणाली, "अय्या, हो, अगदी असंच!" मग दोघी एकमेकींचं पेन हिसकावत बोलू लागल्या. नूरीन दोघींकडे आळीपाळीनं बघत बसली.

वैशालीच्या मनात कुठंतरी एक बारीक काटा टोचला होता, नाही असं नाही. इतकी वर्षं ती लोकांना तव्याची गोष्ट अभिमानानं सांगत आली होती. आणि इथं एका विशीतल्या पोरीनं तिच्या किती आधी हे सगळं करून, वापरून, विसरूनसुद्धा टाकलं होतं. पण तो काटा फार वेळ टिकला नाही. जी गोष्ट आजवर प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगावी लागली होती, ती इथं अर्ध्या वाक्यात कळत होती. ह्या आनंदापुढं काट्याचं काय चालणार?

"तो कॉम्प्युटर कुठाय?" नूरीननं मुद्द्याला हात घातला.

"भंगारात गेला. प्रोग्रामपण गेला त्याच्याबरोबर."

दोघींचे चेहरे उतरले.

"पण कान्हादादा शूटिंग करायचा ना मंडळाचं!" भाविका म्हणाली. "दरवर्षी, पूर्ण दहा दिवस. कंटाळा येईपर्यंत."

कान्हा म्हणजे करावेतला फोटो स्टुडिओवाला. गावातली एक हळद, एक बारसं त्याच्या कॅमेऱ्यातून सुटलं नव्हतं. जुन्या कॅसेटी त्यानं मागंच हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या, पण त्या विकत मागायला कधी कुणी आलं नव्हतं. आता वकीलबाई आल्या म्हटल्यावर त्यानं स्टुडिओतला मोठा टीव्ही लावला, आणि बातमी अशी पसरली की थोड्याच वेळात दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. गोटीराम पुढच्या खुर्चीवर बसले.

चित्र सुरू झालं. मांडव, माळा, गर्दी. "ती बग मी!" "काय बारीक होतास रे!" "अरे, आपली आत्या... देव तिला सुखी ठेवो." नूरीन सारखी म्हणत होती, "जरा शांत, प्लीज, पुरावा आहे हा," आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

मग सेमीफायनलचा दिवस आला. मांडवाच्या एका अंगाला पांढरा पडदा, त्यावर मॅच. आपल्या फलंदाजानं सिक्सर मारला, मांडव ओरडला, आणि दोन चेंडूंच्या मधल्या वेळात पडद्यावर तोच सिक्सर परत आला. वैशालीनं नूरीनचा हात घट्ट धरला. इतक्यात डाव संपला आणि लोक आरतीला उभे राहिले. पडद्याचा आवाज बंद केलेला, पण पडदा चालूच. झांजा वाजल्या, टाळ्या पडल्या, शेदीडशे गळे एकदम लागले, आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटलं की गाव ओरडतोय! त्यानं सिक्सर दाखवला. पुन्हा झांजा, पुन्हा सिक्सर. आरतीच्या प्रत्येक कडव्याला तोच फलंदाज तोच चेंडू तिथंच भिरकावत होता. पुढची पोरं हसायला लागली, मग बायका, मग भटजी. आणि सगळ्यांच्या पुढं हातात आरतीचं ताट धरलेली कोवळी भाविका, तोंड लालबुंद, मान वळवून पडद्याकडं बघतेय. ताट ठेवता येत नाही आणि पळताही येत नाही!

स्टुडिओत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कान्हानं पुढचं शूटिंग लावलं, फायनलच्या दिवसाचं. आता पडद्यासमोर पोरांचा ढोल चाललेला, तरी मॅच शांतपणे पुढं जातेय. विकेट पडली, मांडव उसळला, आणि विकेट परत दिसली. कॅमेऱ्यामागून तरुण कान्हाचा आवाज आला, "काय गो, आज सिक्सर नाय दावत आरतीला?" आणि भाविका कॅमेऱ्यात बघून ठसक्यात म्हणाली, "नाय! आता मी त्याला शिकवलाय. एकसारखा आवाज आयला त ऐकाचा नाय. एकदम वरडला तवाच ध्यानान ठेवाचा!"

नूरीन ताडकन उभी राहिली. "थांबवा! मागे घ्या! परत!"

ते वाक्य तिनं परत ऐकलं, मग आणखी एकदा. "ताई," ती वैशालीला म्हणाली, "त्यांच्या वकिलांनी चौथा मुद्दा इंग्रजीत पानभर लिहिलाय. ह्या पोरीनं तो तीन वाक्यांत सांगितलाय. आणि पाच वर्षं आधी!"

मग प्रतिज्ञापत्रं करायची होती. ज्यांनी त्या दिवशी मांडवात हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी तसं लिहून द्यायचं. नूरीनला चार-पाच माणसं पुरे होती. पण नोटरीकडं जायच्या दिवशी करावेची गल्लीच्या गल्ली नटूनथटून नेरूळला आली. बायकांनी गजरे माळले होते. एका काकूंनी विचारलं, "फोटू काढनार ना?" नोटरीच्या माणसानं दाराबाहेर डोकावून बघितलं आणि भीतभीत विचारलं, "वरात कुणाची आहे?"

सुनावणीला वैशाली, भाविका आणि नूरीन कोर्टात होत्या. परदेशी कंपनीची माणसं पडद्यावरून हजर झाली होती. त्यांत पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. त्या पेटंटवरच्या संशोधकांमध्ये त्यांचंही नाव होतं. कंपनीच्या ज्येष्ठ वकिलांनी आधी तारखेवर बोट ठेवलं. कॅमेऱ्यातली तारीख कुणीही काहीही लावू शकतो, असं ते म्हणाले.

"बरोबर आहे," नूरीन म्हणाली. "म्हणून आम्ही कॅमेऱ्याच्या तारखेवर विसंबलोच नाही. मांडवातल्या पडद्यावर मॅच थेट चालू आहे, आणि ती कधी झाली हे अख्ख्या जगाला माहीत आहे."

वकिलांनी मान हलवली, पण मागं हटले नाहीत. हा रिप्ले कुणीतरी हातानं बटण दाबून दाखवत असेल, यंत्रानं स्वतः क्षण हेरला याला पुरावा काय?

नूरीन ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं आरतीचा भाग लावला. झांजा, सिक्सर. झांजा, सिक्सर. न्यायाधीशबाई पुढं झुकून बघू लागल्या.

"ही यंत्रणा कोण चालवत होतं?" त्यांनी विचारलं.

"फक्त ह्या भाविका तांडेल, मॅडम. दुसऱ्या कुणाला ती येतच नव्हती, तसं प्रतिज्ञापत्रांत आहे. त्या पडद्यावर समोर उभ्या दिसतायत."

"त्यांच्या तर दोन्ही हातांत ताट आहे."

"हो, मॅडम."

"आणि स्वतःच्या यंत्राची आरतीत अशी फजिती कुणी मुद्दाम करणार नाही," बाई म्हणाल्या आणि ओठ घट्ट मिटून कागदांकडं बघू लागल्या. तेवढ्यात कुणीतरी खळखळून हसलं. सगळ्यांनी वर पाहिलं. ते पिकल्या केसांचे गृहस्थ होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण आरती, सिक्सर आणि त्या पोरीचा चेहरा पुरेपूर कळला होता. त्यांना असं हसताना बघून वैशालीला वाटलं, ह्यांनाही हे असंच सुचलं असेल. तिकडंही कुणीतरी उशिरा हॉलमध्ये येऊन "काय झालं?" विचारलं असेल.

विक्री थांबवायला कोर्टानं नकार दिला. पेटंट टिकेल की नाही याबद्दलच गंभीर शंका आहे, असं आदेशात लिहिलं. पुढं काही आठवड्यांनी कंपनीनं दावा मागं घेतला आणि भारतातलं ते पेटंटही सोडून दिलं. ती बातमी नूरीननं फोनवर सांगितली तेव्हा वैशाली गाळ्यात होती. तिनं ती सगळ्यांना ओरडून सांगितली. चाचणीसाठी मांडून ठेवलेल्या साऱ्या डब्यांनी एकदम खुणा केल्या, आणि ते बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी गोटीरामांनी जेवायला बोलावलं. जिताडा माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. नूरीन आली, सुधीर आणि पार्थ आले, कान्हा कॅमेरा घेऊन आला. डबी चालू केल्यावर पहिल्यांदा जो पडदा येतो त्यावर वैशालीनं एक नवी ओळ घातली होती, ती तिनं सगळ्यांना दाखवली: 'हे पहिल्यांदा केलं भाविका तांडेल यांनी, करावे गावात.'

गोटीरामांनी नातवाकडून ती ओळ वाचून घेतली. मग जरा वेळानं परत वाचून घेतली. आणि त्यांनी वैशालीच्या पानात जिताड्याचा आणखी एक तुकडा वाढला.

"आमच्याकडं ये ना तू," वैशाली भाविकाला म्हणाली. "पुढचं मॉडेल दोघी मिळून करू."

"नोकरी नाही सोडणार हां मी, कंटेनर कोण बघणार? पण शनिवारी येईन," भाविका म्हणाली. बोलताबोलता तिनं डबी उलटी करून तिचे स्क्रू काढायला घेतले होते. "हे बघा, इथंच तर चूक आहे. माईक पंख्याच्या तोंडाशी लावलाय तुम्ही."

"तो मुद्दाम लावलाय तिथं!"

"मुद्दाम? कशाला?"

"हात धुवा आधी दोघी," भाविकाची आई आतून ओरडली, "कालवन गार व्हतंय!" पण वैशालीनं ताट बाजूला सरकवलं होतं, आणि पंख्याजवळच माईक का लावला हे ती भाविकाला मोठमोठ्यानं पटवून देत होती.